ह्यांची मराठी परीक्षा

मी चांद्याची, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातली. हे राजुऱ्याचे, निजामाच्या राज्यातले. मधे फक्त वर्धा नदी. पण मी शाळेत मराठी शिकले आणि ह्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं. हे राजुऱ्याच्या तहसिलीत कारकून होते. अक्षर इतकं सुरेख की लोक अर्ज लिहून घ्यायला ह्यांनाच शोधत यायचे.

निजामाचं राज्य गेलं. पुढे छप्पन साली भाषेप्रमाणे राज्यं झाली, राजुरा मुंबई राज्यात आलं आणि कचेरीत मराठी कागद येऊ लागले. कारकुनांना मराठीची परीक्षा सक्तीची झाली; नापास होईल त्याची नोकरी जाणार होती. हे घरीदारी मराठीच बोलत, पण वाचता येत नसे. एकदा नव्या साहेबाने भर कचेरीत हुकूम वाचायला दिला. हे कागद धरून नुसते उभे राहिले. बाकावर बसलेले गावकरी हसले.

त्या दिवशी ह्यांनी ताटाला हात लावला नाही. सासूबाई देवळात गेल्यावर दार लोटून म्हणाले, "मले शिकवशीन का?"

नवऱ्याची चूक काढायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे पाटीवर उजवीकडून सुरुवात करायचे. मी हात धरून डावीकडे आणायची. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळायचो. कुणाची चाहूल लागली की पाटी पदराखाली. एकदा माझा भाऊ अचानक आला. ह्यांची पांढरी बोटं पाहून म्हणाला, "भाऊजी, हे काय लागलं?"

"चुना," हे म्हणाले. हे पान खात नसत.

हे परीक्षेत पास झाले. ह्यांना कचेरीचं काम शिकवणारे एक वयस्कर मुसलमान कारकून मात्र नापास झाले. त्यांची नोकरी गेली. तेच घरी आले, "मुबारक हो भाऊ" म्हणाले. ह्यांना मान वर करवेना.

"किसने सिखाया?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इनं. तुमी बी येत जा नं चाचा, पुढच्या परीक्षेले बसा, पास झाले का परत घेतीन."

चाचा ओशाळून हसले. "अब इस उमर में, बहू के सामने पाटी लेकर बैठूँ?"

चहा तसाच ठेवून ते उठले. महिन्याभरात हैदराबादला बहिणीकडे गेले. त्यांना गाडीत बसवून आल्यावर हे ओसरीतच बसून राहिले.

"मी वाचलो," एवढंच म्हणाले, "अन् त्याईनं मले शिकवलं होतं."