खिडक्यांना चौकट बसवणारा

लातूरला गल्लोगल्ली क्लास निघत होते तेव्हाची गोष्ट. मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली, आणि एका क्लासमधल्या आठ जुन्या कॉम्प्युटरांची बाई. मशीनं इतकी संथ, की चालू करून चहा पिऊन आलं तरी पडदा काळाच. एक दिवस क्लासचे सर म्हणाले, सोमवारी अकराला येऊन बघतो; हीच गत असली तर मशीनं भंगारात आणि खोलीत बारावी पुन्हा देणाऱ्या रिपीटर पोरांची बाकडी. म्हणजे माझी नोकरीही भंगारातच.

मला आला राग. सगळ्या मशीनांवर मी विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि वर हलकाफुलका, फुकटात मिळणारा डेस्कटॉप बसवला. फुकट म्हटल्यावर सरांनी तोंड वाकडं केलं. जिथं फी जितकी जास्त तितका क्लास भारी, तिथं फुकटाला कोण विचारतंय!

पोरांना मी सांगायची, डेस्कटॉप म्हणजे एक वस्तू नव्हे. खालची पट्टी सांभाळणारा एक, फायली दाखवणारा दुसरा, मागचं चित्र लावणारा तिसरा, आणि विंडोला, म्हणजे खिडकीला, चौकट बसवून ती हलवू देणारा चौथा. सगळे वेगवेगळे प्रोग्रॅम, एका घरात नांदणारे. पोरं ऐकायची का, देव जाणे. ऐकायच्या त्या मावशी. क्लासची झाडलोट झाली, की दाराच्या उंबऱ्यावर बसून माझं शिकवणं लक्ष देऊन ऐकायच्या. आत या म्हटलं तरी यायच्या नाहीत. भूकंपात त्यांचं गावातलं घर पडलं होतं; तेव्हापासून स्लॅबखाली बसायचं म्हटलं, की त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

रविवारी मला जास्तीची अक्कल सुचली. आणखी हलकं करू म्हणून आठही मशीनांवरून मी तो चौकटवालाच काढून टाकला. मशीन बंद होईपर्यंत तो चालतच राहतो, म्हणून तेव्हा काही बिघडलेलं दिसलं नाही. सोमवारी नऊला मशीनं सुरू केली, तर खिडक्या बिनचौकटीच्या, वरच्या कोपऱ्यात एकीवर एक चढलेल्या. ना हलतात, ना बंद होतात. मी कपाळावर हात मारला. मावशींना म्हणाले, सरांना निरोप द्या, मशीनं घेऊन जा म्हणावं. रडूच यायचं बाकी होतं.

मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "बाई, चौकट गेली, घर न्हाई गेलं. तुम्हीच म्हणलाव न्हवं, चौकटवाला येगळा हाय म्हून? मग तेवढ्याला बोलवा की माघारी."

ढिगाऱ्यातून आपल्या घराची चौकट ओढून काढून त्यांनी ती पत्र्याच्या शेडला बसवली होती, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मात्र शिकवणारी मी लाजले, आणि गुमान लिनक्सची सीडी शोधायला लागले. एकेका मशीनवर तेवढाच भाग परत टाकला. अकराला पाच कमी असताना आठवं मशीन झालं.

सर आले, बसले, दोन खिडक्या उघडून मिटून पाहिल्या. खोली राहू द्या म्हणाले. फक्त पालकांपुढं फुकट हा शब्द काढू नका, एवढं बजावून गेले.

मी मावशींचा हात धरला आणि त्यांना आत खुर्चीवर बसवलंच. त्यांची नजर आधी वर स्लॅबकडं. मी माऊस हातात दिला. त्यांनी खिडकी चौकटीला धरून या टोकाला नेली, त्या टोकाला नेली, परत आणली.

"हाललं तरी पडत न्हाई की हे," म्हणाल्या.

आणि तास संपेपर्यंत आतच बसल्या.