तिच्या वाढदिवसाचे सहा आकडे

वाशीमला बसस्थानकाजवळ माझं छोटं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि वेबसाइट अशी तीन कामं लिहिली आहेत, पण माझा जीव तिसऱ्यातच. धंदेवाल्यांना इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, शोधून द्यायचं आणि त्यांच्या नावे नोंदवायचं. या कामात मी जरा खडूस आहे. लोकांना त्या नावात सगळंच कोंबायचं असतं. आधी श्री, मग आजोबा, मग अँड सन्स, शेवटी गाव. मी म्हणते, "भाऊ, हे नाव हाय का लग्नाची पत्रिका?" माणसं हसतात आणि मी म्हणेन तेवढं छोटं करून घेतात. त्याचा मला थोडा माज होता, हे आज कबूल करावं लागेल.

रिसोडचे काका आले तेव्हा मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. जैन व्यापारी माणूस, धान्याचं जुनं दुकान. पाकिटबंद तूरडाळ विकायला काढली होती आणि तिच्यासाठी वेबसाइट हवी होती. नाव काय ठेवायचं म्हणून विचारलं, तर खिशातून चिठ्ठी काढून पुढे सरकवली. तीनच अक्षरं, एका मुलीचं नाव.

"माह्या पोरीचं नाव हाय," ते म्हणाले. "एकुलतीच होती. कॉलेजात असताना तापानं गेली."

मी मान खाली घालून शोधायला लागले. डॉट कॉम केव्हाच गेलेलं होतं. डॉट इन मोकळं होतं. तेवढं सांगताच त्यांचा चेहरा असा खुलला की मीच गडबडले. पण त्या दिवशी नोंदवू देईनात. चार दिवसांनी तिचा वाढदिवस होता, त्याच दिवशी करायचं म्हणाले. तोवर कुणी घेतलं तर काय, म्हणून मी चिडचिड केली. नशिबाने कुणी घेतलं नाही.

वाढदिवसाला ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. खातं त्यांच्या नावाने, त्यांच्याच मोबाइलवर उघडलं. ओटीपी आला तसा त्यांनी चष्मा चढवून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. नाव नोंदलं गेलं.

"हे कायमचं झालं ना, बेटा?"

"नाई काका. दरसाल मुदत वाढवा लागते."

त्यांचा चेहरा उतरला. थोडा विचार करून म्हणाले, "मंग एकदमच दहा सालाचं करून टाक."

तसं करता येत होतं. पण मला शहाणपणा सुचला. "कायले इतके पैसे एकदम गुंतवता? धंदा कसा चालते ते त पाहू. मी आहे ना."

त्या वाक्याची आजही मला चीड येते.

डाळीची मागणी वेबसाइटवरून फारशी आली नाही, पण काकांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दर वर्षी त्याच तारखेला ते सकाळच्या एसटीने यायचे, पेढे द्यायचे, सहा आकडे वाचून दाखवायचे. मुदत वाढली की वेबसाइट उघडायला लावायचे. वरच्या पट्टीतलं ते नाव थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "चला, एक साल अजून." त्यांच्या घरी वाढदिवस साजरा करायची तेवढीच एक रीत उरली होती. काकूही वाट पाहत असायच्या म्हणे. काका घरी पोचले की आपल्या फोनवर त्यांनाही ते नाव दाखवायचे.

चौथ्या वर्षी तारीख आली, काका आले नाहीत. दुपारी मी फोन लावला तो काकूंनी उचलला. काकांना लकवा मारला होता, अकोल्याला दवाखान्यात होते. "बोलून नाई राह्यले अजून," एवढंच काकू बोलल्या. अशा बाईकडे ओटीपी कसा मागायचा? काळजी घ्या म्हणून मी फोन ठेवला.

मुदत संपली तरी काही दिवस ज्याचं नाव त्याला सोडवून घेता येतं. त्या भरवशावर मी राहिले. महिनाभराने काका गेले.

मी रिसोडला भेटायला गेले. खोलीभर बाया बसल्या होत्या. काकांच्या फोटोजवळ त्यांचा फोन ठेवलेला होता, चार्जरला लावलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर. एकदा वाटलं, काकूंच्या कानात सांगावं. पण दुखवट्याच्या घरी कामाचं बोलायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. लोक काय म्हणतील, चितेची राख थंड नाही झाली आणि ही वेबसाइटचं घेऊन आली. मी चहा प्यायले आणि उठले.

सव्वा महिना होऊ दिला. मग रिसोडला जायचं ठरवून आधी सहज ते नाव उघडून पाहिलं. कुणीतरी घेतलं होतं. त्या पोरीच्या नावाखाली पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडले. काकूंना सांगायची मात्र हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष काढलं.

आणि यंदा त्या तारखेला काकू दारात उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात काकांचा फोन.

"याचं रिचार्ज म्या बंद नाई पडू देलं," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आकडे मले वाचता येतात. तू कर सुरू."

मी सगळं सांगितलं. दवाखान्यातला फोन, फोटोजवळचा फोन, सव्वा महिना, नाव दुसऱ्याच कुणी घेतल्याचं. फक्त जुगाराचं सांगितलं नाही.

काकूंनी फोन मांडीवर ठेवला. "त्या दिवशी काहून नाई मांगतलं? तुह्या समोरच त होता."

"कसं मांगू काकू? दुखवट्याचं घर..."

"इतकी मानसं येऊन गेली त्या दिवसात," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "सारे यांचंच बोलले. पोरीचं नाव एकानंही नाई काढलं. तू मांगतलं असतं, त तिचं नाव त निघालं असतं घरात."

त्यांनी पुडा सोडला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. "खा. वाढदिवस त हायच ना."

निघताना त्यांनी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. दाराशी थांबल्या. "म्हंजे आता पुढच्या साली या तारखेले मले काहीच काम नाई."

मी आहे ना, असं तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं, पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना रिसोडच्या बसपर्यंत सोडायला गेले.