नलिनीताईंच्या बोटीची कडी

पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्यांकडे किस्से कसले असणार, असं लोकांना वाटतं. पण टोकावड्याच्या रस्त्यावरच्या आमच्या फायबरच्या शेडमध्ये टाक्यांपेक्षा किस्सेच लवकर भरतात. त्यातले सगळ्यात जास्त एका बोटीचे.

*

बोट ट्रेलरवरून आली. जुनी, फायबरची, शिडाची. आमच्याकडे समुद्र कुठला! बघायला ही गर्दी. धसईच्या बाजारातून परतणारी एक म्हातारी आमच्या शेडमालकाला, बाळारामला म्हणाली, “येवढा पूर येनार हाय काय रे औंदा?”

“नाय गो आजी,” बाळाराम गंभीरपणे म्हणाला, “पन तयारी आसलेली बरी!”

*

बोटीच्या मालकीणबाई ठाण्याच्या नलिनीताई. काय दुरुस्त करायचं विचारलं, तर त्यांनी पर्समधून स्टीलची कडी काढून ठेवली. समुद्र खवळला की कमरेची दोरी या कडीत अडकवायची. वादळात लाटेने त्यांच्या यजमानांना बाहेर फेकलं, तेव्हा दोरी तुटली नाही. कडीच डेकमधून उपटून आली. त्यांचा देह सापडला तेव्हाही कडी दोरीला होती.

“हीच बसवा,” ताई म्हणाल्या. “भरवसा वाटला तर बोट परत समुद्रात नेईन. नाहीतर तोडायला देईन.”

कुणीतरी ग्राइंडर बंद केला.

*

डेक कापला. फायबरच्या दोन थरांमधल्या लाकडाचा पार चिखल झाला होता. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलेलं. कडी धड होती, पण तिला धरायला खाली काही उरलंच नव्हतं. आमचा जुना कारागीर काळूराम चमच्याने ते कुजकं खरवडत होता.

“मी रोज पुसायचे हो हा डेक,” ताई म्हणाल्या.

“पुसून कळत नाय ताई,” काळूराम म्हणाला. “वरून गुळगुळीतच लागतो.”

*

टाकीवाल्याची एक खोड असते, भोक दिसलं की बुजवायचं. काळूरामने कडीची जागा रेझिनने भरली आणि उरलेल्या मालात, बोटीत बसायच्या जागी तळाला असलेली दोन भोकंही मायेने बुजवली.

“अहो, ती आत आलेलं पाणी बाहेर जायला असतात!” ताई ओरडल्या.

“भायेर जायला?” काळूराम खरंच दुखावला. “ताई, पानी भायेर जाऊ नये म्हनून आमची जिंदगी गेली!”

आमच्याकडे आल्यापासून ताई पहिल्यांदाच हसल्या. भोकं मात्र परत पाडावी लागली.

*

भराव वाळला. नवी भोकं, डेकच्या खालून स्टीलची जाड पट्टी, मोठे वायसर, नट. कडी बसली.

“धरेल?” ताईंनी विचारलं.

“आमच्यात खुंटा हालवून बघतात,” बाळाराम म्हणाला आणि घरची बैलजोडी घेऊन आला. कडीला दोरखंड बांधला. बैलांनी जोर केला, चाकांखालचे दगड निसटले आणि बोट ट्रेलरसकट कापलेल्या भातशेतात चालू लागली! पोरं शिट्ट्या मारतायत, बाळाराम “हो, हो” करत मागे धावतोय. कडी तसूभरही हलली नाही.

बैल सोडल्यावर ताई शिडीने वर चढल्या. यजमानांची दोरी कमरेला बांधली, कडीत अडकवली. मग हळूच कडेवरून बाहेर उतरल्या आणि सगळा भार दोरीवर टाकला. पाय अधांतरी, डोळे मिटलेले. आम्ही सगळे खाली हात पसरून उभे.

“झालं ताई,” बाळाराम म्हणाला. “उतरा आता.”

“थांबा हो,” ताई म्हणाल्या. “अजून धरलंय.”