बांधावरचा हिस्सा

उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्या गावात शेवटची जाळी ओढतात आणि मासोळीचे ढीग बांधावर मांडतात. आंधळगावच्या बाजूचं आमचं गाव, आणि आम्ही ढिवर. आमची जितकी घरं तितके ढीग. विधवेच्या घराचा ढीग असतो, खाटेवर पडलेल्या माणसाचा असतो, नागपूरला कामाला गेलेल्याचाही असतो. जाळ्याला हात न लावलेल्यालाही हिस्सा मिळतो, कारण हा हिस्सा मेहनतीचा नाही. तू आमचा आहेस, एवढंच तो सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या बाबांचा ढीग मांडला नाही.

भांडण मरळीवरून झालं होतं. पावसाळ्यात मरळीच्या लाल पिलांचा थवा पाण्यावर वळवळत फिरतो आणि खाली मायबाप राखण करतात. पिलांजवळ काहीही आलं की झेप घेतात, पोट भरलेलं असलं तरी. आमचे लोक हेच हेरतात. गळाला बेडूक लावायचा आणि थव्याच्या मधोमध सोडायचा. मरळ त्याला खायला येत नाही, हाकलायला येते. आणि अडकते. या कामात बाबांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

मग बाबा येशूच्या विश्वासात आले. तुमसरला एका भाड्याच्या खोलीत प्रार्थना होते, तिथे आम्ही दर रविवारी जायला लागलो. येशूचे पहिले चेले जाळेवालेच होते, याचं बाबांना फार कौतुक. पण तलावावर गेले की ते बदललेले दिसायचे. गळ बाजूला ठेवून थव्याकडे बघत बसायचे.

"हे तिले कोनं शिकवलं, माय?" मला म्हणायचे. "ज्यानं घडवलं, त्यानंच आपल्या मनातलं थोडंसं तिच्यात टाकलं. अन मी त्याच्यावरच गळ टाकून राहिलो होतो."

मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात पहिली. मरळ पिलं का राखते ते मी पेपरात लिहिलं आहे आणि चांगले मार्क घेतले आहेत. ती ज्यानं घडवली त्याच्यावर माझाही विश्वास आहे. मला या दोन गोष्टींत भांडण कधी दिसलं नाही. ज्यांना दिसतं, त्यांनी ते आपल्या घरी ठेवावं.

बाबांनी स्वतःपुरता गळ सोडला असता तर गाव हसून गप्प बसलं असतं. पण एक दिवस मोठेबाबा, म्हणजे बाबांचे सख्खे मोठे भाऊ, थव्यात गळ सोडून बसले होते. बाबांनी मातीचं ढेकूळ उचललं आणि पाण्यात हाणलं. मरळ गेली, पिलं फाकली.

"पागल झाला का बे?" मोठेबाबा उठलेच.

"दादा, लेकरं हायेत तिची."

"अन माह्या घरी काय बकऱ्या हायेत? इतके वर्सं तूच मारल्या ना! आता आमाले पाप शिकवतं?"

मोठेबाबांचं हे बोलणं चूक नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण बाबांना शिक्षा त्यांनी ज्या जागी दिली, ती मी विसरणार नाही.

आमच्या पाळकांना मरळीची गोष्ट फार आवडली. पुढच्या रविवारी त्यांनी ती उपदेशात सांगितली. लोकांनी 'हालेलूया' म्हटलं, बाबा मान खाली घालून बसले. तोवर आमच्या कानावर आलं होतं की आमचा हिस्सा बंद करायचं गावात चाललं आहे. प्रार्थना संपल्यावर मी पाळकांना म्हटलं, गावात या, चार लोकांत बसून बोला.

"ताई, आपण हे प्रार्थनेत ठेवू."

"प्रार्थनेत आम्ही ठेवलंच आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त गाडीत बसा."

ते आले नाहीत.

जाळी ओढायच्या दिवशी बाबा सगळ्यांबरोबर चिखलात उतरले. कोणी अडवलं नाही. ओढायला हात हवेच होते. मग मोठेबाबांनी दरवर्षीसारखे ढीग मांडले आणि प्रत्येक घर आपल्या ढिगाशी उभं राहिलं. बाबा टोपली घेऊन उभे होते. त्यांच्या समोर नुसती माती.

"दादा, माहा?"

"तुह्या येशूनं हजारो लोकायले मासोळ्या वाटल्या म्हनतं ना? त्यालेच माग." लोक हसले. मग माझ्याकडे वळून, "काहून पाहून राहिली वं कालेजवाली? लिहून घे."

"लिहीनच," मी म्हटलं.

आम्ही निघालो. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता आणि बांधाखालची नाली ओली होती. त्या नालीतून एक मागूर सरपटत चालला होता, पंखांच्या काट्यांवर अंग रेटत, पलीकडच्या छोट्या तळ्याकडे, बोडीकडे. आपलं पाणी आटलं की हा मासा निघतो. हवेतही श्वास घेतो. बाबांनी त्याला पकडून टोपलीत टाकलं.

"चला बाबा, झाला आपला हिस्सा," मी म्हटलं.

"हिस्सा कोनी देते, माय. हा तं मी धरला." ते थांबले. "आजच्या दिवशी धरलेलं सगळं ढिगात जाते."

आणि ते परत फिरले. मी ओरडले, तरी फिरले. बांधावर जाऊन त्यांनी तो मागूर मोठेबाबांसमोर ठेवला. मोठेबाबांनी त्याच्याकडे पाहिलं, बाबांकडे नाही. पायानं तो आपल्या ढिगात सारला आणि म्हणाले, "चला रे, उचला."

पाण्याबाहेरही मागूर लवकर मरत नाही. निर्माणकर्त्याची कृपा आहे, असं बाबा म्हणतात. त्या ढिगात तो बराच वेळ तोंड उघडत होता, आणि मला ती कृपा वाटली नाही.