दोन ऑगस्टच्या बांगड्या

परभणीच्या बाजारात उमाकाकूंचं बांगड्यांचं दुकान आहे, पण खरा धंदा दुकानाबाहेर चालायचा. तीस वर्षं त्या पेटी घेऊन एसटीनं पूर्णा, येलदरीपर्यंत जायच्या आणि नवरीला चुडा भरून यायच्या. हात दाबून बघितला की त्यांना माप कळायचं. गेल्या दिवाळीत गुडघे गेले आणि फिरणं थांबलं. जुनी गिऱ्हाइकं आता दुसरीकडं जाणार, हीच त्यांना धास्ती.

तेव्हा मी, शेजारचा हरिओम, इंजिनिअरिंगची पदवी मिरवत पुढं झालो. ऑनलाइन दुकान टाकू, आठ दिवसांत, असं ठोकून दिलं.

बेचाळीसशे नग. रंग, नक्षी, माप, सगळं एका फाइलीत लिहून दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदम चढवायचं, हे मी व्हिडिओ बघून शिकलो. पहिल्यांदा फाइल अर्ध्यात अडकली. दुसऱ्यांदा सगळ्या बांगड्यांना एकच फोटो लागला. तिसऱ्यांदा पाचशे-पाचशे ओळींचे तुकडे केले तेव्हा माल चढला. दीड महिना गेला होता, तरी मी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी एक किंमत चुकलेली दिसली. फाइल पुन्हा उघडली, दुरुस्ती केली आणि न बघता परत चढवली. बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं आकड्यांत लिहितात; दोन इंच आणि वर तितके सोळांश, म्हणजे दोन-आठ ती अडीच इंची. फाइल उघडताच त्या आकड्यांच्या तारखा झाल्या. दोन-चारचं दोन एप्रिल, दोन-आठचं दोन ऑगस्ट. दोन-दहाची बांगडी तर सरकारी सुट्टीच्या दिवशी पडली. मला पत्ताच नाही. ऑर्डर का येत नाही म्हणून मी पानाचा रंग बदलत बसलो.

मे उजाडला आणि पूर्णेहून शिवकन्याचा फोन आला. तिच्या आईला, माधवीताईंना, लग्नात काकूंनीच चुडा भरला होता.

"दादा, माझं लगीन वीस मेला हाय. तुमच्या बांगड्या दोन ऑगस्टला येनार का?"

माप तिला माल पोचायची तारीख वाटली होती. आई तर इथंच कुठंतरी घेऊ म्हणत होती. मी तिला रकाने आणि त्यांचे प्रकार समजावायला लागलो. काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

आधी त्यांनी माधवीची तब्येत विचारली, मग नवरदेवाचं गाव. मग मुद्द्यावर आल्या. चुडा भरताना नवरीची बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर अख्ख्या मांडवाची तोंडं उतरतात, याची त्यांना फिकीर.

"हातात सहज जाती ती बांगडी पट्टीवर ठेव बाई. आतून मोज. किती इंच भरली?"

तिकडून उत्तर आलं.

"अडीच ना? तुझ्या आईचं पन हेच माप. आजच पार्सल टाकते."

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "काय रे इंजिनिअर, बाया माप बघायल्यात का पंचांग?"

त्या दुपारी मी मापाच्या रकान्यात काकूंच्या तोंडचे शब्द टाकले: सव्वादोन, दोन सहा, अडीच. फाइलीला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून तिनं कशालाच हात लावला नाही. पट्टीनं मोजायची रीतही प्रत्येक बांगडीखाली लिहिली.

शिवकन्याचा चुडा एकही बांगडी न वाढता भरला. त्याच मांडवातल्या चौघींच्या ऑर्डरी आल्या. तरी काकू प्रत्येकीला फोन करून माप विचारतातच. ऑनलाइन दुकानाचा तांत्रिक प्रमुख मी. सध्या पार्सलांना चिकटपट्टी लावतो.