श्री. सर्व यांची कुत्री

संशोधनाच्या फॉर्ममध्ये शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. बोटभर रुंद. जे तक्त्यात बसत नाही ते तिथे लिहायचं. आमच्याकडे न बसणारंच जास्त निघायचं, आणि रकाना काही वाढत नव्हता. उरलेलं माझ्या डोक्यात साठलं. परवा जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहाला बसले होते, तेव्हा लक्षात आलं की आकडे सगळे विसरलेत, शेरे मात्र पाठ आहेत.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी नुकतीच पशुवैद्यक झाले होते आणि धुळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात लागले होते. आमचे प्रमुख देवरे सर. त्यांनी खानदेशातल्या पाळीव कुत्र्यांच्या आरोग्याचा अभ्यास हाती घेतला होता. आम्ही तिघं जीपमधून फिरायचो : सर, मी आणि मलमपट्टी करणारे ड्रेसर हिरामणभाऊ. कुत्रं कसं धरायचं हे फक्त हिरामणभाऊंना येत होतं.

*

पहिला दिवस जळगावात. गल्लीत जीप शिरली आणि एकही कुत्रं दिसेना. जीप नगरपालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीसारखी दिसत होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एका दारावर मी कडी वाजवली. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कुत्रा नाही."

आतून भुंकणं चालू होतं. मी विचारलं, "मग हे आत कोण?"

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "पाहुणे आलेत."

*

पिंपळनेरकडच्या गावांत वेगळीच अडचण. फॉर्मवर पहिलाच प्रश्न मालकाच्या नावाचा. पारावर दोन कुत्री झोपलेली. हिरामणभाऊंनी तिथे बसलेल्या आबांना विचारलं, "कुत्रा कोना शे?"

"बठ्ठास्ना शे."

म्हणजे सगळ्यांचा. सर म्हणाले, भाकरी कोण घालतं? आबांनी हात गोल फिरवला. त्यात पूर्ण गाव आलं. पुढच्या गावातही तेच, त्याच्या पुढच्याही गावात तेच. रकाना रिकामा ठेवायचा नाही असा नियम होता, म्हणून सरांनी सगळीकडे 'सर्व' असं लिहून टाकलं.

दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयातून आकडेवारी बघणाऱ्या साहेबांचं पत्र आलं. "श्री. सर्व यांची कुत्री सात गावांत आढळतात. एकाच मालकाची इतकी कुत्री अभ्यासात घेणे योग्य नाही. त्यांना वगळावे."

*

जंतांच्या तपासणीसाठी कुत्र्याची विष्ठा लागायची. फोटो स्टुडिओतून रिळांच्या रिकाम्या डब्या मागून आणायच्या, त्या घरोघर द्यायच्या आणि सोमवारी गोळा करायच्या.

जामनेरला एक निवृत्त गुरुजी होते. अत्यंत काटेकोर माणूस. त्यांच्या डबीवर कुत्र्याचं नाव, वय, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. दवाखान्यात आल्यावर मी डबीतला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतांची अंडी भरपूर होती, पण कुत्र्यात सापडतात तशी नव्हती. सरांना दाखवलं. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे माणसाचं आहे."

आता हे गुरुजींना सांगायचं कुणी? मीच गेले. जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं की डबीत काही अदलाबदल झाली का.

गुरुजी म्हणाले, "कुत्रा दोन दिवस जेवला नव्हता. त्याच्याकडून काही होईना. तुमची मुदत सोमवारची. म्हटलं, संशोधन अडायला नको."

मी त्यांना जंतांचं औषध माणसांच्या डॉक्टरांकडून घ्यायला सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

गोचिडींच्या पावडरीचा प्रयोग सरांचा सगळ्यात लाडका. निम्म्या कुत्र्यांना औषधाची पावडर, निम्म्यांना नुसती पांढरी भुकटी. कुणाला काय दिलंय ते सरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. दर पंधरा दिवसांनी जाऊन आम्ही कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या बघायचो आणि गोचिडी मोजायचो.

मुक्ताईनगरजवळ केळीच्या बागेत राहणाऱ्या एका अक्कांचं कुत्रं होतं. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर साठ गोचिडी. नंतर प्रत्येक वेळी शून्य. सर हरखून गेले. प्रयोग संपल्यावर पाकीट फोडलं, तर त्या कुत्र्यापुढे 'भुकटी' लिहिलेलं.

सर दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जीप काढून थेट अक्कांच्या बागेत. विचारलं, पावडर कशी लावत होता?

"पावडर? ते त कुत्र्याले झोंबीन म्हनून फळीवर ठेवेल हाये."

"मग गोचिडी गेल्या कुठे?"

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही येता, चार मानसांसमोर मोजता, लिहून घेता. मले लाज वाटे. म्हनून तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी एकेक वेचून काढो."

ते कुत्रं अभ्यासातून बाद झालं. रात्रंदिवस आकड्यांत राहणाऱ्या सरांनी शेऱ्यात दोनच शब्द लिहिले : 'मालकीण उत्तम.'

*

शेवटच्या वर्षी म्हाताऱ्या कुत्र्यांची पाहणी होती. मालकाने महिन्यातून एकदा कुत्र्याला दवाखान्यात आणायचं. आम्ही वजन करायचो, चार प्रश्न विचारायचो आणि पुढची तारीख कार्डावर घालून द्यायचो.

देवपुरातले एक नाना यायचे. मिलमधून निवृत्त झालेले, घरी एकटेच. राजा नावाचं त्यांचं कुत्रं चौदा वर्षांचं. दोघं पांझरा नदीचा पूल ओलांडून चालत यायचे, वाटेत तीनदा बसायचे. एकही तारीख चुकली नाही.

एका महिन्यात नाना एकटे आले. रांगेत बसले. नंबर आल्यावर कार्ड टेबलावर ठेवलं.

सर म्हणाले, "राजा कुठे?"

"गया. सोमवारे."

मी पेन खाली ठेवलं. नाना म्हणाले, "आज तारीख व्हती ना."

सरांनी माझ्यापुढचा फॉर्म स्वतःकडे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"जेवण?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "अर्धी भाकर."

"पाणी?"

"पेस. तांब्याभर."

"झोप?"

"लागत नई."

"चालणं?"

"इथलगून उनू ना, पायीच."

सरांनी चारही उत्तरं लिहिली. मग कुत्र्यांच्या वजनकाट्याकडे बोट केलं. नानांनी चपला काढल्या आणि काट्यावर उभे राहिले. हिरामणभाऊंनी आकडा मोठ्याने वाचला. सरांनी तोही लिहिला, कार्डावर पुढच्या महिन्याची तारीख घातली आणि कार्ड नानांच्या हातात देत म्हणाले,

"सकाळी लवकर या. दहानंतर गर्दी होते."