तळाशी राहिलेलं विरजण

स्मशानातून परत आलो तेव्हा ओट्यावर बायकोची काचेची बरणी पालथी घातलेली होती. घासून लख्ख केलेली. खालच्या फडक्यावर पाण्याचा गोल डाग उमटला होता.

पलूसहून आलेल्या वहिनीने रीतीप्रमाणे सगळं केलं होतं. घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात, शिजवलेलं, आंबवलेलं काही ठेवत नाहीत. पिंप, कळशी, फिल्टर यांच्याबरोबर बरणीही रिकामी झाली.

"आवं भावजी, वर पांढरी साय धरलेली, वास तर लय वंगाळ. म्हटलं, आजारपणात नासलं आसंल कायतरी."

"बरं केलंत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या बरणीत माझ्या बायकोचं विरजण होतं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि घरी आंबट बिअर करायची. शेजाऱ्यांनी विचारलं तर व्हिनेगर म्हणून सांगायचं, असं ठरलेलं होतं. वहिनीच्याच मळ्यात, विहिरीच्या कडेच्या एका वेलापर्यंत फवारणी पोहोचत नसे. तिथली द्राक्षं तिने एकदा न धुता आणली. सालीवरच्या पांढुरक्या भुकटीत यीस्ट असतं, बॅक्टेरिया असतात, असं तिचं म्हणणं. मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या गोड काढ्यात ती द्राक्षं बुडवली आणि त्यात जे जिवंत झालं ते तिने वर्षानुवर्षं नवा काढा पाजून जपलं. काढा पाजला की सुरुवातीला ओल्या मेंढीसारखा वास यायचा, मग सावकाश कच्च्या पेरूचा. मी नाक मुरडलं की म्हणायची, "तू तुझी पुस्तकं हुंग. त्यांनाही बुरशीचाच वास येतो."

बरणीच्या रबरी बुचातून एक वाकडी नळी निघून पाण्याच्या पेल्यात उतरायची. आतला वायू त्या वाटेने बाहेर पडे. बुळुक. थोडं थांबून पुन्हा बुळुक. त्या आवाजावर मी कितीतरी पुस्तकं वाचली असतील.

ती गेल्यावर आवाज थांबायला हवा होता. थांबला नाही. दुपारी वाचत बसलं की स्वयंपाकघरातून येई. उठून पाहायचो. बरणी कोरडी, तशीच पालथी. एकदा मी बसल्या जागेवरूनच "काय गं?" म्हणालो आणि स्वतःच्या आवाजाने दचकलो. त्यानंतर बरेच दिवस वाचायला बसलो नाही.

वहिनीला कुणीतरी बरणीचं सांगितलं असावं. तिचा फोन आला. "तिथनंच न्हेली व्हती न्हवं द्राक्षं? येल तसाच हाय. चार घड न्या की."

तिच्या मनाला लागलं होतं हे कळत होतं. पण वेलावरचं ते वेलावरचं. आमच्या घरातल्या हवेत, बायकोच्या लाकडी पळीवर, तिच्या हाताखाली इतकी वर्षं जे वाढलं, ते वेलावर कुठून असणार?

मग आठवलं. अशा बिअरच्या बाटलीत तळाशी जो गाळ बसतो तो जिवंत असतो, त्यातून विरजण पुन्हा उठवता येतं, असं ती सांगायची. आणि तिच्या हातची एकच बाटली उरली होती, साताऱ्याला, तिच्या वडिलांकडे.

सासरे फौजेतून निवृत्त झालेले. बाटली दिली तेव्हा म्हणाले होते, "रम प्यालेला मानूस मी. ह्ये आंबवनी कोन पितंय?" पण आता ती शोकेसमध्ये त्यांच्या मेडलांशेजारी उभी होती.

"पावणं, दुसरं कायबी न्या. तिच्या हातचं येवढंच हाय."

"बाबा, वरचं आपण प्यायचं. गाळ मी नेतो. बंद ठेवला तर कधीतरी तोही मरेल."

"आन् न्हाई उठलं तर?"

"तर हेही गेलं."

 शेवटी ते स्वतःच उठून स्टीलचे दोन पेले घेऊन आले. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"लय आंबट. चिंचा चोरती म्हनून मारलं हुतं ल्हानपनी, त्याचा सूड काढला बघा पोरीनं."

आम्ही दोघेही हसलो. नंतर ते पेला विसळायला गेले आणि नळ सोडून तसेच पाठमोरे उभे राहिले.

सांगलीला परतल्यावर काढा उकळून गार केला, ती करायची तसं बाटलीचं तोंड गॅसच्या ज्योतीवर फिरवलं आणि गाळ बरणीत ओतला. रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "उठलं का?"

"नाही अजून."

काढा नितळ होत गेला. तळाशी करडा थर. हलवायचा धीर होत नव्हता.

एका दुपारी बुळुक झालं. मी उठलो नाही. इतक्यांदा फसलो होतो. पुन्हा झालं, तेव्हा गेलो. पेल्यातलं पाणी हलत होतं, बरणीच्या काचेला कडेने फेसाचं बारीक कडं धरलेलं. बूच सैल करून हुंगलं. ओली मेंढी.

पण तसा वास तर हवेतून पडलेल्या कुठल्याही यीस्टला येऊ शकतो. माझ्या हातून काहीही आत गेलं असेल. पेरूचा वास येईपर्यंत ते तिचंच आहे असं म्हणता येणार नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. "उठलं का?"

"उठलंय."

 "तिचंच हाय न्हवं?"

"अजून सांगता येत नाही, बाबा."

"फोन जरा बरनीपाशी धरा."

मी धरला. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. बरणी बराच वेळ गप्प होती. मग बुळुक झालं. त्यांनी फोन ठेवला नाही. हात अवघडला तेव्हा मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा बरणीपाशी धरला.